१४५३ : तोफा दिसतात, पगारपत्रक दिसत नाही

वेढेकरी (धागालेखक)

१४५३ म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं, की तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. ते २९ मे रोजी. पण त्या वर्षाचा उन्हाळा तेवढ्यावर भागला नाही. २ जूनला कॅस्टीलच्या राजाने आल्वारो दे लूनाचं वायादोलिदच्या चौकात मुंडकं उडवलं. वर्षानुवर्षं याच माणसाच्या सल्ल्याशिवाय दरबारात पान हलत नव्हतं. १७ जुलैला कास्तियोंला फ्रेंचांनी इंग्रजांची गास्कनीतली (म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधली) फौज कापून काढली. जेमतेम सहा दिवसांनी, २३ जुलैला, बुर्गुंडीच्या ड्यूकने गाव्हरला घेंटच्या बंडखोरांचा चुराडा केला. ऑगस्टमध्ये इंग्लंडचा राजा सहावा हेन्री असा काही बधिर झाला की पुढे दीडेक वर्ष कोण आलं, कोण गेलं याची त्याला शुद्ध नव्हती. ऑक्टोबरात त्याला मुलगा झाला, तेही त्याला कळलं नाही. १९ ऑक्टोबरला गास्कनीतलं बोर्दो शहर फ्रेंचांच्या हाती पडलं.

या लढायांची वर्णनं वाचताना तोफा डोळ्यांत भरतात. माझं म्हणणं असं, की निकाल बऱ्याच ठिकाणी आधीच लागलेला होता. शांततेच्या काळातही फौजेला वेळच्या वेळी पैसे देण्याची सोय ज्याने करून ठेवली, त्याचं पारडं जड झालं. ज्याला ते जमलं नाही त्याच्याकडे शूर माणसं होती, पण ती उरली नाहीत, किंवा दुसरीकडे गेली.

फ्रान्समध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात रयतेला इंग्रजांइतकाच जाच होता तो तह झाला की बेकार होणाऱ्या भाडोत्र्यांचा. लढाई चालू असेपर्यंत ते राजाचे, थांबली की गावं लुटायला मोकळे. १४४४ साली तूरला युद्धबंदी झाली. पुढच्याच वर्षी फ्रान्सचा राजा सातव्या चार्ल्सने त्यांतले निवडक ठेवून घेतले आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. निवडलेल्यांच्या पंधरा तुकड्या, दर तुकडीत शंभर 'भाले', एका भाल्यात सहा माणसं: चिलखती स्वार, दोन तिरंदाज, सुरेवाला, नोकर आणि पोऱ्या. म्हणजे कागदावर नऊ हजार माणूस, युद्ध असो नसो, पगारावर. त्यासाठी 'ताय' नावाचा कर कायमचा बसला. सरदारांना तो माफ होता, त्यामुळे भार कोणावर पडला ते सांगायला नको.

तोफखान्याचा मुख्य झाँ ब्यूरो हा सरदार घराण्यातला नव्हता. १४४३ पासून तो राज्याचा खजिनदार होता. तोफ ओतायला किती, दारू किती, बैल किती, गोलंदाजाला महिन्याला काय, हे ज्याला कळतं त्याच्याच हातात तोफा दिल्या. १४४९ साली युद्ध पुन्हा पेटलं, तेव्हा नॉर्मंडी वर्षभरात परत आली. शहरामागून शहर पडलं, बरीचशी फार न लढता: बाहेर तोफा लागल्या की आत वाटाघाटीला सुरुवात. मोहिमेसाठी मोठं कर्ज दिलं ते बूर्जच्या झाक कर या व्यापाऱ्याने. त्याचं काय झालं? १४५१ मध्ये राजाने त्यालाच पकडलं आणि २९ मे १४५३ रोजी शिक्षा सुनावली. हो, त्याच दिवशी. तिकडे कॉन्स्टँटिनोपल पडत होतं आणि इकडे फ्रान्सचा राजा आपल्या सावकाराला बुडवत होता.

आता कास्तियों जरा जवळून बघू. बोर्दो १४५१ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांकडून घेतलं होतं, पण तिथल्या लोकांना फ्रेंच अंमल मानवला नाही. त्यांची वाइन जायची इंग्लंडला. तो बाजार तुटला आणि वर नवे कर आले. त्यांनी इंग्रजांना बोलावणं धाडलं आणि ऑक्टोबर १४५२ मध्ये साठी उलटलेला जॉन टॅल्बट फौज घेऊन उतरला. पुढच्या उन्हाळ्यात फ्रेंचांनी दोर्दोन्य नदीकाठच्या कास्तियोंला वेढा घातला. ब्यूरोने गावावर तोफा डागण्याआधी स्वतःची छावणी बांधली: खंदक, मागे मातीचा बांध, त्यावर लाकडी कठडा, आणि ही सगळी रेघ नागमोडी, म्हणजे समोरून येणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी मारा बसावा. टॅल्बट रातोरात चालून आला आणि पहाटे त्याने एका मठातली फ्रेंचांची चौकी मारली. तेवढ्यात बातमी आली की छावणीतून धुळीचे लोट उठताहेत, फ्रेंच पळताहेत. प्रत्यक्षात जागा मोकळी करायला घोडी आणि बाजारबुणगे बाहेर काढले जात होते. मागची पायदळाची रांग पोचायच्या आत टॅल्बटने हल्ला चढवला. आधीच्या कैदेतून सुटताना फ्रेंच राजाविरुद्ध चिलखत न घालण्याचं वचन त्याने दिलं होतं म्हणतात, म्हणून तो नुसत्या अंगरख्यावर, एकटा घोड्यावर, बाकीचे पायउतार. तोफेचा गोळा घोड्याला लागला, घोडा त्याच्या अंगावर पडला, आणि कुणीतरी कुऱ्हाडीने काम संपवलं. मुलगाही तिथेच पडला.

आणि कॉन्स्टँटिनोपल. ती मोठी तोफ ओतणारा ऑर्बन हा हंगेरीकडचा कारागीर. तो आधी कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाइन बादशहा अकराव्या कॉन्स्टंटाइनकडेच नोकरीला गेला होता. नेमणूक झाली, पण तुटपुंजा पगारही हातात पडेना. मग तो एदिर्नेला, तुर्कांच्या तेव्हाच्या राजधानीत, सुलतान दुसऱ्या मेहमेदकडे गेला. डूकास नावाचा ग्रीक बखरकार लिहितो की सुलतानाने दिलं त्याच्या चौथा हिस्सा जरी बादशहाने दिला असता तरी हा माणूस शहर सोडून गेला नसता. ऑर्बनच्या एका तोफेने नोव्हेंबर १४५२ मध्ये बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत व्हेनिसचं जहाज बुडवलं. त्यानंतरची अजस्र तोफ एदिर्नेहून साठ बैलांनी ओढत आणली. दिवसाला सात बार, त्याहून जास्त नाही. पण गोळा अर्ध्या टनाच्या वर आणि समोर हजार वर्षांची तटबंदी.

ज्यांना ज्या भागाची माहिती आहे त्यांनी भर घाला. भांडायलाही हरकत नाही.


सईची_वही

वाचनखूण साठवली. शाळेतलं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही: "तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यामुळे युरोपचा पूर्वेशी असलेला खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला व त्यामुळे नव्या सागरी मार्गांचा शोध सुरू झाला." कारणे द्या, गुण तीन. हे बरोबर आहे का?


शंकासुर

धागा छान, मुद्दा पटला नाही. कास्तियोंला टॅल्बट हरला तो उतावळेपणामुळे. पायदळाची वाट पाहिली असती, धूळ कसली ते बघायला एक स्वार पाठवला असता, तर आज तुम्ही इंग्रजांच्या पगारपद्धतीचं कौतुक लिहीत बसला असता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये भिंतीवर सात हजारांच्या आसपास माणसं, समोर साठ-ऐंशी हजार. तिथे काय पगार आणि काय न पगार!

गाव्हर तर याहून गमतीशीर. लढाई चांगली जुंपली असताना घेंटच्या एका गोलंदाजाच्या हातून ठिणगी उघड्या दारूच्या पिशवीत पडली. तो ओरडला, पळा. शेजारच्यांनी ऐकलं पळा, त्यांच्या शेजारच्यांनीही पळा, आणि सगळी फौज पळाली. एका पिशवीने निकाल. यात खजिना कुठून आणलात?


वेढेकरी

शंकासुर, धूळ कसली ते बघायला स्वार हवा होता हे शंभर टक्के. पण टॅल्बटला घाई का होती ते बघा. बोर्दोची माणसं त्याच्या मागे लागली होती की कास्तियों वाचव. इंग्लंडहून आणखी कुमक येण्याची चिन्हं नव्हती, कारण द्यायला काही शिल्लकच नव्हतं. १४४९-५० च्या सुमाराला इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे जो हिशेब आला त्यात राजाचं कर्ज ३,७२,००० पौंड आणि नेहमीचं वार्षिक उत्पन्न ५,००० पौंड धरलं होतं. हा आकडा दरबाऱ्यांनी फुगवला असेल असं समजून निम्मा केला तरी बघवत नाही. कॅले या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजी बंदराच्या शिबंदीचं घ्या. १४५४ मध्ये पगार थकला म्हणून तिथल्या सैनिकांनी बंड करून व्यापाऱ्यांच्या लोकरीचे गठ्ठेच ताब्यात घेतले. पुढे वॉरिकचा अर्ल तिथला किल्लेदार नेमला गेला, पण थकबाकीची तजवीज होईपर्यंत त्यालाही कुणी आत घेतलं नाही. ही फौज एक टॅल्बट हरल्यावर दुसरा पाठवू शकत नव्हती. चार्ल्स मात्र कास्तियोंला हरला असता तर पुढच्या वर्षी पुन्हा आला असता.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये माणसं सातच हजार का होती, हाही पैशाचाच प्रश्न. बादशहाने चर्चमधली चांदी वितळवून नाणी पाडली आणि भिंतीवरच्यांना वाटली. जिनोआचा जुस्तिनियानी सातशे माणसं घेऊन आला, त्याला लेम्नोस बेट देण्याचं वचन होतं. रोख नव्हती म्हणून बेट.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे तुर्कांकडे सगळं आलबेल होतं असं वाटायला नको. मेहमेद पहिल्यांदा गादीवर बसला तो १४४४ साली, अवघ्या बाराव्या वर्षी. त्या वेळी अक्चे नाण्यातली चांदी कमी केली गेली. १४४६ मध्ये जानिसारी, म्हणजे सुलतानाचं पगारी पायदळ, एदिर्नेजवळच्या एका टेकडीवर जमून बसले आणि अर्धा अक्चे रोज वाढवून घेऊनच खाली उतरले. त्यानंतर काही महिन्यांत बाप मुराद परत गादीवर आणि मेहमेद मनिसाला रवाना. पगारी फौज काय करू शकते हे एकविसाव्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घालणाऱ्या या मुलाला फार लवकर कळलेलं होतं.


नोगातकाठी

मी गेली काही वर्षं ग्दान्स्कला असते. तुमच्या मुद्द्याला सगळ्यात झणझणीत उदाहरण इथलंच आहे, आणि धाग्यात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून लिहितेय.

ग्दान्स्कहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर मालबोर्क. जर्मन नाव मारियेनबुर्ग. नोगात नदीच्या काठी लाल विटांचा प्रचंड किल्ला, गाडी पुलावर आली की खिडकीत मावत नाही. ही ट्यूटॉनिक ऑर्डरची राजधानी. ऑर्डर म्हणजे धर्मयुद्धासाठी निघालेले आणि मग इथेच राज्य थाटून बसलेले जर्मन नाइट. त्यांच्या करांना आणि मनमानीला कंटाळून १४४० साली ग्दान्स्क, तोरुन, एल्ब्लाँग वगैरे शहरांनी आणि जमीनदारांनी एक संघ केला. फेब्रुवारी १४५४ मध्ये त्यांनी ऑर्डरला सरळ लिहून कळवलं की आजपासून आम्ही तुमची प्रजा नाही, आणि पोलंडच्या राजाला, चौथ्या काझिमियेझला, या म्हणून सांगितलं. त्याने मार्चमध्ये होकार दिला. तेरा वर्षं युद्ध चाललं.

राजाने सुरुवातीला पोलिश सरदारांची पारंपरिक सेना आणली. १८ सप्टेंबर १४५४ ला होइनित्सेला ऑर्डरच्या भाडोत्र्यांनी तिची दाणादाण उडवली. म्हणजे इथेही पगारी माणूस जिंकला. पण पगार द्यायला ऑर्डरकडे पैसे कुठे होते? त्यांनी भाडोत्र्यांना लिहून दिलं की ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर आमचे किल्ले तुमचे. मुदत गेली. पैसे नाहीत. मग मालबोर्कमधल्या भाडोत्र्यांचा बोहेमियन पुढारी, उल्रिख चेर्वेंका, याने गिऱ्हाईक शोधलं. गिऱ्हाईक कोण? पोलंडचा राजा! १,९०,००० हंगेरियन सोन्याच्या नाण्यांना सौदा ठरला. एवढी रक्कम राजाकडेही नव्हती. मोठा वाटा ग्दान्स्कने आणि बाकीच्या शहरांनी नवे कर बसवून उचलला, आणि त्यापायी शहरांत दंगेही झाले. जून १४५७ मध्ये काझिमियेझ राजधानीत शिरला, एकही तोफ न डागता. ऑर्डरचा प्रमुख, ग्रँड मास्टर लुडविग फॉन एर्लिखसहाउझेनला आपलाच किल्ला सोडून कोनिग्सबर्गला निघून जावं लागलं. चेर्वेंका त्याच किल्ल्याचा राजाकडून नेमलेला अधिकारी झाला.

ग्दान्स्कच्या शहरचिन्हात दोन क्रूस आणि वर सोन्याचा मुकुट आहे. तो मुकुट राजाने मे १४५७ मध्ये दिला. इथे ट्रामवरही तो दिसतो.


टवाळ_बाळ्या

राजधानीचा किल्ला भाडेकरूंनी परस्पर विकला?! आमच्या सोसायटीच्या कमिटीला हा प्रतिसाद वाचायला देतो.


शंकासुर

नोगातकाठी, हे मात्र जबरदस्त. पण मालबोर्क गेल्यावर युद्ध संपायला हवं होतं ना? नऊ वर्षं आणखी का चाललं?


नोगातकाठी

कारण किल्ला विकला गेला तरी पायथ्याचं गाव विकलं गेलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात तिथला नगराध्यक्ष बार्थोलोमेउस ब्लूमे याने दरवाजे उघडून ऑर्डरच्या माणसांना आत घेतलं. वर किल्ल्यात पोलिश, खाली गावात जर्मन, असं तीन वर्षं. १४६० मध्ये गाव पडलं, ब्लूमेला देहदंड झाला. दोन्हीकडे पैसा संपत आला होता. मोठ्या लढाया थोड्या, एकमेकांची गावं जाळणं जास्त. १४६२ ला श्व्येचिनोला पोलंडने बऱ्यापैकी मोठी लढाई मारली, तीही तोपर्यंत पगारी सैन्यावर. १९ ऑक्टोबर १४६६ ला तोरुनचा तह. पश्चिम भाग ग्दान्स्कसकट पोलंडच्या राजाकडे. पूर्वेचा ऑर्डरकडे, पण पोलंडची मांडलिकी पत्करून.

राजाने सरदारांना गप्प करायला १४५४ मध्येच नवे कर आणि नवी सेनाभरती त्यांच्या सभांच्या संमतीशिवाय करणार नाही असं लिहून दिलं होतं. फ्रान्समध्ये राजाने कर स्वतःच्या हातात घेतला, इथे सोडून दिला. पोलंडच्या पुढच्या तीनशे वर्षांच्या भानगडी त्या कागदात आहेत असं मला वाटतं. पण तो वेगळा धागा होईल.


दालचिनी

सई, तुझ्या तीन गुणांच्या प्रश्नाबद्दल. ते वाक्य इतक्या पिढ्यांनी पाठ केलंय की खोडायला जीव होत नाही, पण तारखा जुळत नाहीत. मिरी, लवंग, जायफळ युरोपात मुख्यतः येत होतं अलेक्झांड्रिया आणि बैरुतहून. ही बंदरं कॉन्स्टँटिनोपलच्या नव्हे, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात. तिथून माल उचलायचे व्हेनिसवाले. तुर्कांनी इजिप्त घेतला १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्याला एकोणीस वर्षं झाली होती. व्हेनिसने मेहमेदशीही एप्रिल १४५४ मध्येच व्यापाराचा तह करून टाकला, शहर पडून वर्षही झालं नव्हतं.

पोर्तुगीज तर आधीच निघालेले होते. १४१५ ला मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता, १४३४ ला आफ्रिकेच्या बोहादोर भूशिराच्या पुढे, १४४४ ला लागोसच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची विक्री. त्यांना सोनं आणि गुलाम हवे होते आणि मोरोक्कोच्या मुसलमानांना बगल द्यायची होती.

कॉन्स्टँटिनोपलचा संबंध अजिबात नाही असंही नाही, तो दुसऱ्या वाटेने येतो. पोप पाचवा निकोलस शहर पडल्यावर हवालदिल झाला होता. त्याने ८ जानेवारी १४५५ रोजी पोर्तुगालच्या राजाला फर्मान दिलं की आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे जे काही सापडेल त्यावर तुमचा हक्क, दुसऱ्या ख्रिस्ती राजाने मध्ये पडायचं नाही. त्यात थेट हिंद्यांपर्यंतचा समुद्रमार्ग खुला करण्याची भाषा आहे. १५१० मध्ये आल्बुकर्क गोव्यात उतरला तेव्हा त्याच्या राजाच्या हातात असलेल्या कागदांपैकी हा एक. गोव्यातल्या मंडळींनी शाळेत कॉन्स्टँटिनोपलपेक्षा हे फर्मान वाचायला हवं.

खरा फटका कुणाला बसला? जिनोआला. काळ्या समुद्रातला त्यांचा धंदा आवळत गेला. आणि तुरटीला! हो, आपली तुरटी. कापडावर रंग पक्का बसायला युरोपातले रंगारी तीच वापरत, आणि तिची मोठी खाण आशिया मायनरमध्ये फोकेयाला, जिनोआवाल्यांकडे होती. १४५५ मध्ये ती तुर्कांकडे गेली. मग १४६० नंतर पोपच्याच मुलखात, रोमजवळ तोल्फाला तुरटी सापडली. पोपने जाहीर केलं की हिचा नफा तुर्कांविरुद्धच्या मोहिमेला जाईल, ख्रिस्ती माणसाने दुसरी तुरटी घेऊ नये.


सईची_वही

तुरटी! हे परीक्षेत लिहिलं असतं तर बाईंनी शून्य दिलं असतं. धन्यवाद.


अंगणातला_क्रूस

मी वसईकडची. दुपारी बाराला चर्चची घंटा होते तेव्हा आजी हातातलं काम थांबवून प्रार्थना म्हणायची. मागे कुठेतरी वाचलं होतं की ही दुपारची घंटा बेलग्रेडच्या विजयाची आठवण आहे. खरं काय?


वेढेकरी

निम्मं खरं. दुपारची घंटा काही ठिकाणी त्याआधीही होती. २९ जून १४५६ रोजी पोप तिसऱ्या कॅलिक्स्टसने हुकूम काढला की सगळीकडे मध्यान्हीनंतर घंटा वाजवावी आणि तुर्कांपुढे टिकाव लागावा म्हणून प्रार्थना करावी. म्हणजे घंटा मागितली ती भीतीपोटी. तुर्कांनी बेलग्रेडला घातलेला वेढा उठला २२ जुलैला. बऱ्याच गावी हुकूम आणि विजयाची बातमी पाठोपाठ पोचली आणि लोकांनी दोन्हींची सांगड घातली. हंगेरीत आजही दुपारची घंटा बेलग्रेडचीच मानतात.

बेलग्रेड माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं हे शंकासुर सांगायच्या आत मीच सांगतो. तिथे हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादीची स्वतःची अनुभवी फौज होती, पण सोबत हजारो शेतकरी आणि विद्यार्थी, हातात कोयते-गोफणी, पगार शून्य. त्यांना गोळा करून आणलं होतं सत्तरीतल्या जोवान्नी दा कापिस्त्रानो या फ्रान्सिस्कन साधूने. तुर्कांचा मोठा हल्ला परतवल्यावर दुसऱ्या दिवशी ही मंडळी हुकूम मोडून बाहेर पडली आणि तुर्कांच्या तोफांपर्यंत जाऊन भिडली. मेहमेद स्वतः जखमी झाला. महिन्याच्या आत छावणीतल्या साथीत हुन्यादी गेला, ऑक्टोबरात कापिस्त्रानो. आणि बिनपगारी फौज? ती विजयानंतर लगेच मोडली आणि घरी गेली. पाठलाग करायला कुणी उरलं नाही.


शंकासुर

मी सांगणारच होतो. :)


बिदरचा_वाटसरू

अवांतर होईल, पण तारीख राहवत नाही. १४५३ च्या सुमारासच इराणच्या गिलानमधला एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरून बिदरला बहमनी दरबारात गेला: महमूद गावान. पुढे वजीर झाला, १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला. त्याच्या पत्रांचा जो संग्रह आहे त्यात याच सुलतान मेहमेदला, 'रूम'च्या सुलतानाला, लिहिलेली पत्रं आहेत. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल घेणाऱ्याचा आणि गोवा घेणाऱ्याचा पत्रव्यवहार होता. दोघं गेलेही महिनाभराच्या अंतराने: गावानला एप्रिल १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आळावरून मारलं, मेहमेद मे मध्ये वारला.


मिसळमंत्री

यावरून आजच्या आपल्याकडच्या सरकारांबद्दल...


वेढेकरी

मिसळमंत्री, हात जोडतो, त्यासाठी चालू घडामोडींचं दालन आहे. बिदरचा वाटसरू, हे अवांतर नाही, गावानवर स्वतंत्र धागा काढाच.


पंगत_अध्यक्ष

सगळे लढाईवरच बोलताय, जेवणावर कुणीच नाही. घेंटला नमवल्यावर बुर्गुंडीच्या त्याच फिलिप ड्यूकने १७ फेब्रुवारी १४५४ ला लिल शहरात मेजवानी दिली. (बंडाचं मूळ मिठावरचा कर होता, हे जाता जाता.) मेजावर एक अवाढव्य 'पाइ' (पिठाच्या आवरणातला भाजलेला पदार्थ), आत अठ्ठावीस जिवंत वादक वाद्यं वाजवताहेत. मग एक राक्षसी उंचीचा माणूस हत्ती घेऊन आत आला. हत्तीच्या पाठीवर मनोऱ्यात बसलेली शोकाकुल बाई म्हणजे 'ख्रिस्ती धर्म', आणि ते सोंग घेतलं होतं दरबारातल्या ऑलिव्हिए द ला मार्श नावाच्या माणसाने. बाईने गाऱ्हाणं गायलं की कॉन्स्टँटिनोपल गेलं, मला वाचवा. जिवंत फेझंट पक्षी (तितराच्या कुळातला) रत्नं घालून आणला आणि त्याच्या साक्षीने ड्यूकने शपथ घेतली की मी तुर्कांवर चालून जाईन. त्याच्यामागे सरदारांची रांग. एकेकाच्या शपथा वाचण्यासारख्या आहेत.

फिलिप तेरा वर्षं आणखी जगला. गेला नाही.


लोंबार्ड_गल्ली

वेढेकरी, इटली सुटली. तुमच्या मुद्द्याची उलटी बाजू तिथे आहे. फ्रान्चेस्को स्फोर्झा हा पगारी सेनापती. १४४७ ला मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती मुलाशिवाय मेला, लोकांनी प्रजासत्ताक जाहीर केलं आणि व्हेनिसशी लढायला ड्यूकच्या याच जावयाला नोकरीवर ठेवलं. वर्षभरात तो व्हेनिसला जाऊन मिळाला आणि मिलानचीच रसद तोडून बसला. १४५० मध्ये उपाशी शहराने दरवाजे उघडले. त्याचे सैनिक पाव घेऊन आत शिरले आणि हा ड्यूक झाला. पगार वेळेवर दिला तरी पगारदार मालक होऊ शकतो, हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

कॉन्स्टँटिनोपलची बातमी आल्यावर मात्र सगळे ताळ्यावर आले. व्हेनिसला पूर्वेकडे लक्ष द्यायचं होतं, फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेदिचीला खर्च नको होता, स्फोर्झाला गादी पक्की करायची होती. ९ एप्रिल १४५४ लोदीचा तह. चाळीस वर्षं, १४९४ मध्ये फ्रेंच उतरेपर्यंत, किरकोळ भांडणं सोडली तर तो टिकला. एकमेकांच्या दरबारात कायमचे वकील ठेवण्याची चाल याच काळात इटलीत रुळली.


वेढेकरी

लोंबार्ड गल्ली, म्हणूनच चार्ल्सने तुकड्यांचे कप्तान स्वतः नेमले आणि हजेरी घ्यायला वेगळे अधिकारी ठेवले. स्फोर्झाची फौज स्फोर्झाची होती, शहर फक्त बिल भरत होतं. फ्रेंच तुकडीतला माणूस कप्तानाच्या नावावर नव्हता, राजाच्या पटावर होता. फरक तिथे आहे.


सईची_वही

शेवटचं विचारते. शंभर वर्षांचं युद्ध १४५३ ला संपलं म्हणतात, पण तह कुठला? पुस्तकात तहाचं नावच नसतं.


वेढेकरी

कारण १४५३ ला तह झालाच नाही. बोर्दो पडलं आणि इंग्रज परतले, एवढंच. हेन्री बधिर, फ्रान्समधून आलेले रिकामे सरदार आणि शिपाई मायदेशी, मग १४५५ ला सेंट ऑल्बन्सला त्यांनी एकमेकांवरच तलवारी उपसल्या. कॅले इंग्रजांकडे १५५८ पर्यंत राहिलं. फ्रान्सचा राजा ही पदवी इंग्लंडच्या राजांनी १८०१ पर्यंत सोडली नाही.

तहासारखं काही झालं ते १४७५ मध्ये. चौथा एडवर्ड मोठी फौज घेऊन कॅलेला उतरला. फ्रान्समध्ये आता चार्ल्सचा मुलगा अकरावा लुई. त्याने लढाई टाळली. आमिएंच्या वेशीवर मेजं मांडली, त्यावर वाइन आणि तहान वाढवणारे खमंग पदार्थ, आणि गावातल्या खानावळींना हुकूम की इंग्रज सैनिकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तीन-चार दिवस इंग्रज फौज तिथे झिंगून पडली होती. मग २९ ऑगस्टला पिकिन्यीच्या पुलावर, मध्ये लाकडी जाळी ठेवून, दोन्ही राजे भेटले. एडवर्डला ७५,००० क्राउन हातात आणि पुढे दरसाल ५०,०००. तो घरी गेला.

त्याच्या बड्या सरदारांनाही लुईने वेगळं वर्षासन बांधून दिलं. त्यातल्या हेस्टिंग्जने पैसे घेतले, पण पावती द्यायला नकार दिला.